बाईंचा चॉकलेटी साबण

बाई वर्गात एकदम कधी शिरायच्या नाहीत. दारात थांबायच्या, एक पाय आत, एक बाहेर. डोळे मिटून एक लांब श्वास घ्यायच्या आणि मग जाहीर करायच्या, "आज कुणाच्या तरी डब्यात शेपू हाय." वर्ग हसायचा. कुठल्या तरी बाकावर एक मान खाली जायची.

मी त्या शाळेत मराठी शिकवायला लागले तेव्हा बावीस वर्षांची होते. पिशोरहून एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन औरंगाबादला आलेली. बाई विज्ञान शिकवायच्या आणि पन्नाशीला टेकलेल्या होत्या. खडकेश्वराजवळ त्यांच्या दोन खोल्या होत्या, त्यातली एक त्यांनी मला दिली. देताना माझी वळकटी सोडायला लावली, गादी हुंगली आणि म्हणाल्या, "उन्हात वाळवलेली हाय. घरची माणसं नीट हायेत तुझी. राहा."

घरून पत्र आलं की ते आधी त्यांच्या नाकापाशी जायचं. पाकीट न फोडता त्या सांगायच्या, "वडलांनी गोठ्यात बसून लिवलंय." मी पुढच्या खेपेला घरी गेले तेव्हा विचारलं. वडील म्हणाले, व्हय, गाय व्याली होती तेव्हा तिथंच बसलो होतो, पण तुला कोण बोललं?

बाई कन्नडकडच्या, चांगल्या जमीनदार घरातल्या. निजामाच्या काळात त्यांच्या वडिलांनी हट्टानं पोरीला उर्दू शाळेत घातलं होतं. त्यामुळं बाई सगळं विज्ञान उर्दूतून शिकल्या. पोलीस ॲक्शननंतर सगळा कारभार मराठीतून सुरू झाला आणि बाईंना आम्ल, अल्क, संयुग असे शब्द तिशीत येऊन पाठ करावे लागले. पाठ केले, पण ते त्यांच्या जिभेला कधी चिकटले नाहीत. फळ्यावर 'आम्ल' लिहायच्या आणि तोंडानं 'तेजाब' म्हणायच्या. बेरीज करताना ओठ उर्दूत हलायचे. इन्स्पेक्टर आले की तेवढ्यापुरतं 'आम्ल' म्हणायच्या, पण इतक्या सावकाश की गरम घास तोंडात फिरवतायत असं वाटायचं.

तेजाबाचे थेंब उडून त्यांच्या सगळ्या साड्यांना भोकं पडलेली असायची. त्या साडी टाकायच्या नाहीत. प्रत्येक भोकाभोवती रंगीत दोऱ्यानं एक फूल भरायच्या. मुली ती फुलं मोजायच्या. एका निळ्या साडीवर एकतीस होती.

लग्न का केलं नाही, असं मी एकदा धीर करून विचारलं होतं. "एक जण आला व्हता बघायला," बाई म्हणाल्या. "कोटाला डांबराच्या गोळ्यांचा वास. आन कोटाच्या आत जो माणूस होता त्याचा वास येगळाच. म्या विचारलं, कोट कुणाचा म्हणून. उठून गेला बिचारा." आणि मग जरा वेळानं, "माणूस वाईट नव्हता. म्या विचारायला नको होतं." तोंडावर बोलून मोकळं व्हायचं आणि मग पश्चात्ताप करायचा, हे त्यांचं जन्मभर चाललं.

साबणाचं वेड त्यांना माझ्या डोळ्यांदेखत लागलं. छावणीतल्या एका बेकरीसमोरून आम्ही चाललो होतो. आत केक भाजत होता. बाई सायकल हातात धरून उभ्याच राहिल्या. मग सायकल माझ्याकडं देऊन आत गेल्या आणि दहा मिनिटांनी कोको पावडरीचा डबा छातीशी धरून बाहेर आल्या. "असला वास माणसाच्या अंगाला का येऊ नये?" असं त्यांनी मला विचारलं. मला काही कारण सुचलं नाही.

त्या दिवसापासून आमच्या स्वयंपाकघराची प्रयोगशाळा झाली. खोबरेल, करडईचं तेल, कॉस्टिक सोडा, इनॅमलचं पातेलं आणि लाकडी उलथनं. पातेल्याशेजारी वर्तमानपत्राच्या कडेवर त्यांनी मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं: 'कॉस्टिक पाण्यात टाकायचं. पाणी कॉस्टिकात नाय.' हे मला दिवसातून चारदा वाचून दाखवायच्या. आमच्या विहिरीच्या पाण्याला फेस येत नाही, ते जड आहे, म्हणून रविवारी सायकलवर हर्सूलच्या तलावाला जाऊन डबा भरून आणायच्या. तलावाच्या पाण्यानं खरंच फरक पडायचा की नाही मला माहीत नाही. बाईंना पडायचा.

पहिला साबण दिसायला झकास झाला. तपकिरी, गुळगुळीत. पण कोको इतका जास्त पडला होता की फेसही तपकिरीच. मी तोंड धुतलं तर पांढऱ्या पंच्यावर माझा अख्खा चेहरा उमटला. आणि वास? चॉकलेटचा नाहीच. कॉस्टिकनं तो खाऊन टाकला होता. करपलेल्या भाकरीसारखं काहीतरी यायचं. दुसऱ्यात कोको कमी केला, रंग फिकट गुलाबी-मातकट आला. तिसरा घट्टच झाला नाही. शेवटी बाई परत बेकरीत गेल्या आणि बेकरीवाल्या म्हाताऱ्याशी तासभर बोलून आल्या. त्यानं सांगितलं होतं की लोक ज्याला चॉकलेटचा वास म्हणतात त्यात निम्मा वास व्हॅनिलाचा असतो. बाईंना हे इतकं पटलं की घरी येईपर्यंत तीन वेळा म्हणाल्या, "निम्मा! आन मला कळलं नाय!"

कोको आधी थोड्या तेलात घोटून घ्यायचा, साबण पातेल्यात दाटायला लागला की मग घालायचा, आणि अगदी शेवटी व्हॅनिलाचं इसेन्स. असा चौथा घाणा जमला. लाकडी तबकात कागद घालून ओतला, दुसऱ्या दिवशी सुरीनं वड्या पाडल्या आणि पुस्तकांच्या कपाटावर वर्तमानपत्र अंथरून दीड महिना वाळत ठेवल्या. साबणाला मुरायला तेवढा वेळ द्यावा लागतो, नाहीतर अंगाला झोंबतो. दीड महिना आमच्या खोल्यांना बेकरीचा वास होता. शेजारणी काही ना काही निमित्तानं येऊन जायच्या.

माझे मामा पिशोरहून आले ते नेमके त्याच दिवसांत. आम्ही दोघी शाळेत होतो, शेजारणीनं त्यांना आत बसवलं. परत आलो तर मामा पाटावर ताठ बसलेले, डोळ्यांत पाणी, आणि ओठांच्या कडेला बारीक फेस. कपाटावरच्या वड्यांतली एक जागा रिकामी होती. बर्फी समजून त्यांनी एक उचलली होती, आणि पाहुण्यानं पाहुणचाराला नावं ठेवायची नाहीत, म्हणून अर्धी खाल्लीही होती. बाईंनी त्यांना तांब्यावर तांब्या पाणी देऊन चुळा भरायला लावल्या. सगळं झाल्यावर मामा हळूच म्हणाले, "बाई, वास लई ग्वाड व्हता हो." बाईंना मामांची काळजी वाटत होती हे खरंच, पण त्या वाक्यानं त्यांचा चेहरा असा उजळला की मला मामांची कीव आली.

आता मूळ गोष्ट सांगते.

माझ्याकडं आठवीचा वर्ग होता. त्यात शमीम नावाची मुलगी त्या वर्षी नवीन आली. तिचे वडील शहागंजच्या पलीकडं कातड्याच्या वखारीत कातड्यांना मीठ लावायचं काम करायचे, आणि घर वखारीच्या मागच्याच भिंतीला होतं. मुलगी हुशार, कपडे धुतलेले, वेणी घट्ट. पण वखारीचा वास तिच्यासोबत यायचा. शेजारच्या मुली बाकावर सरकून बसायला लागल्या. मग ओढण्या नाकाला लावायला लागल्या. मग त्यांच्यातल्या दोघींच्या आया मला भेटायला आल्या. चांगल्या घरच्या, चांगलं बोलणाऱ्या बायका होत्या. त्यांनी फार काही म्हटलं नाही. "तुम्ही बघा काय ते," एवढंच.

मी काय केलं? शमीमला शेवटच्या बाकावर खिडकीपाशी एकटीला बसवलं. "तुला उजेड चांगला मिळेल," असं तिला सांगितलं. त्या काळात शिक्षकांच्या खोलीत माझ्या 'लई' आणि 'नाय'ला लोक हसायचे, म्हणून मी मोठ्या कष्टानं शुद्ध बोलायला शिकत होते. तेव्हा ते वाक्यही मी शुद्धच बोलले. शमीम दप्तर उचलून मागं गेली.

विज्ञानाच्या तासाला बाई दारात थांबल्या, श्वास घेतला आणि त्या दिवशी कुणाचा डबा काय ते बोलल्या नाहीत. तास संपल्यावर मला व्हरांड्यात गाठलं.

"त्या पोरीला मागं कुणी बसवलं?"

"मी. तिकडं उजेड..."

"बरं," बाई म्हणाल्या आणि निघून गेल्या.

संध्याकाळी जेवताना त्यांनी बेत सांगितला. अख्ख्या आठवीकडून चॉकलेटी साबण करून घ्यायचा. विज्ञानाचा प्रयोग म्हणून. मग प्रत्येकीला दोन दोन वड्या वाटायच्या. "समद्या एकाच वासाच्या झाल्या की कोण कुणापासून सरकणार?" त्यांचे डोळे चमकत होते. मलाही ते फार छान वाटलं. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. मी केलेली गोष्ट मला निस्तरावी लागणार नव्हती.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर शाळेच्या अंगणात साबण झाला. कॉस्टिक बाईंनी स्वतः पाण्यात सोडलं, मुलींना दहा हात लांब उभं करून. पातेल्यातून वाफ आली तेव्हा मुली किंचाळल्या. मग ढवळायचं काम. तेल आणि कॉस्टिकचं पाणी एकजीव व्हायला तासभर ढवळावं लागायचं. सुरुवातीला ढवळायला मुलींची रांग लागली, पण पाच पाच मिनिटांत एकेकीचे हात भरून आले आणि रांग पांगली. राहिली शमीम. आठ माणसांच्या घरातलं पीठ ती रोज मळायची. ती पातेल्याशी बसली आणि एका लयीत ढवळत राहिली. मध्येच म्हणाली, "बाई, धरतंय बघा आता." बाई वाकल्या. उलथन्याची रेघ साबणावर उमटून राहत होती. बाईंनी एवढंच म्हटलं, "हात चांगला हाय गं तुझा." शमीम लाजून हसली. तिचं हसू मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

जानेवारीच्या मध्यावर वड्या मुरल्या. बाईंनी त्या ताटात मांडून वर्गात आणल्या. मीही दाराशी उभी होते. बाई बाकाबाकावरून फिरत प्रत्येकीच्या हातात दोन वड्या ठेवत होत्या. मुली हुंगत होत्या, हसत होत्या. शेवटच्या बाकाशी बाई पोचल्या आणि त्यांनी शमीमच्या हातात चार ठेवल्या.

शमीमनं हातातल्या वड्यांकडं पाहिलं. मग त्या एकेक करून बाकावर ठेवल्या.

"समद्यांना दोन. मला चार कशाला, बाई?"

"तू जास्ती ढवळलं म्हणून."

"नाय बाई. मला ठावं हाय." तिचा आवाज चढला नव्हता. "अब्बा दोन टायमाला आंघोळ करत्यात. साबण लावून करत्यात. तरी वास येतो. आम्ही घाणेरडे नाय."

तिनं दप्तर भरलं आणि ती बाईंच्या शेजारून, माझ्या शेजारून निघून गेली. चारही वड्या बाकावर तशाच राहिल्या.

चार दिवस ती शाळेत आली नाही. त्या चार दिवसांत बाईंनी घरात एक शब्द वावगा काढला नाही, पण स्वयंपाक दोनदा करपवला आणि त्यांना त्याचा वास आला नाही. पाचव्या दिवशी शाळा सुटल्यावर म्हणाल्या, "चल."

"कुठं?"

"वखारीत. तू वर्गशिक्षिका हायेस. तुला यावं लागंल."

सायकल ठेवून आम्ही चालत गेलो. शहागंज ओलांडल्यावर वास सुरू झाला. मी पदर नाकाला लावणार होते, पण बाईंकडं पाहून हात खाली घेतला. त्या नेहमीसारख्याच चालल्या होत्या, नाक पुढं करून.

शमीमची आई आम्हाला पाहून गोंधळली आणि चहा ठेवायला धावली. शमीम दाराआड होती. वडील वखारीतून हात पुसत आले. उंच, वाकलेले, मिठानं बोटांना चिरा पडलेल्या. "बाईसाब, पोरीनं काही गुस्ताखी केली का?" त्यांनी विचारलं.

"तिनं नाय, म्या केली," बाई म्हणाल्या. आणि त्यांनी सगळं सांगितलं, उर्दूत, भराभर, काही न लपवता. चार वड्यांचं, आणि त्या कशासाठी दिल्या त्याचं. ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "वास तो है, बाईसाब. हम कहाँ ना बोल रहे." आणि हसले. त्या हसण्यात राग नव्हता, पण आम्हाला सोडूनही दिलेलं नव्हतं.

मग बाईंनी असं काही केलं की दुसऱ्या कुणी केलं असतं तर मला ढोंग वाटलं असतं. त्यांनी विचारलं, "तुम्हाला ह्या वासातलं काय काय कळतं?"

तो माणूस एकदम बदलला. आम्हाला वखारीत घेऊन गेला. कातड्यांच्या थप्पी लागलेल्या होत्या. त्यानं एका थप्पीतलं कातडं उचललं, दुसऱ्या थप्पीतलं उचललं. एकाला वेळेवर मीठ लागलं होतं, दुसऱ्याला अर्धा दिवस उशिरा. डोळ्यांना दोन्ही सारखीच. मालक सौद्याच्या वेळी त्यालाच बोलावून नाक लावायला सांगायचा. बाईंनी दोन्ही हुंगली आणि उशिराचं म्हणून चुकीचं कातडं दाखवलं. तो म्हणाला, फिर से, आणि दुसरी दोन काढली. बाई फुलाफुलांची साडी सावरून त्या ओल्या मिठात उकिडव्या बसल्या आणि परत हुंगलं. परत चुकल्या. तिसऱ्यांदा बरोबर आलं. "आखिरको एक आंबट गोडसर येतंय बघा," बाई ओरडल्या. "हौ, वहीच!" तोही ओरडला. दोघं लहान पोरांसारखे हसत होते. बाई त्याला 'उस्ताद' म्हणाल्या आणि शेवटपर्यंत तेच म्हणत राहिल्या.

शमीम केव्हातरी वखारीच्या दारात येऊन उभी राहिली होती. बाई तिच्याकडं वळल्या. "माझं चुकलं, बेटा."

"वर्गात म्हणा," शमीम म्हणाली.

आईनं आतून तिला हाक मारून दटावलं. बाईंनी हात वर करून आईला थांबवलं. "म्हणते. उद्या ये."

दुसऱ्या दिवशी पहिल्याच तासाला बाई माझ्या वर्गात आल्या. टेबलामागं न जाता बाकांच्या समोर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "म्या शमीमला चार वड्या दिल्या. कामाबद्दल दिल्या असं बोलले. ते खोटं व्हतं. तिच्या अंगाला वास येतो म्हणून दिल्या. हे माझं चुकलं. तिच्या वडलांना नाकानं जे कळतं ते मला तीस वर्षं विज्ञान शिकवून कळत नाय, हे म्या काल बघून आले. बस." आणि त्या खिडकीकडं पाहत उभ्या राहिल्या. मला वाटत होतं, आता त्या माझं नाव घेतील. त्यांनी घेतलं नाही.

चाळीस मुली माझ्याकडं पाहत नव्हत्या. एकटी शमीम पाहत होती.

मी उठले. माझी ती शुद्ध भाषा कुठं गेली कोण जाणे. "तिला मागं म्या बसवलं," मी म्हटलं. "उजेडासाठी नाय. कुणाकुणाला वास सोसंना म्हणून. तिला विचारलं बी नाय. शमीम, तुला पुढं यायचं असलं तर ये."

शमीमनं थोडा विचार केला. "इथंच बरं हाय, बाई. वारं येतं," ती म्हणाली.

त्या दिवशी कुणीही उठून तिच्याशेजारी जाऊन बसलं नाही. असं काही झालं असतं तर मी ते आनंदानं सांगितलं असतं. आठ-दहा दिवसांनी एका मुलीला गणितं अडली, ती वही घेऊन मागं गेली आणि तास सुरू झाला तरी तिथंच राहिली. दुसऱ्या दिवशीही तिथंच बसली. मी तिला उठवलं नाही. नववीला जाईपर्यंत तो बाक तिघींचा झाला होता.

बाई जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. निवृत्तीनंतर त्या मुकुंदवाडीला भाचीकडं राहायला गेल्या. सर्दी झाली की आंधळं झाल्यासारखं वाटतं, असं म्हणायच्या. शेवटच्या आजारात मी भेटायला गेले तर माझ्या हाताचा वास घेऊन म्हणाल्या, "खडू सुटला तुझा." मी महिन्यापूर्वीच निवृत्त झाले होते.

पण त्यांचं नाव निघालं की मला तो फेब्रुवारीतला दिवस आठवतो. शाळेत परत आल्यावर शमीमनं त्या चारातल्या दोनच वड्या नेल्या होत्या, रुमालात बांधून. काही दिवस बाईंनी तिला त्याबद्दल काही विचारलं नाही. विचारायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, मला तसं बजावलंही होतं. पण स्वभाव तो स्वभाव. एक दिवस शाळा सुटताना शमीम फाटकातून निघाली होती, आणि बाईंना राहवलं नाही.

"काय गं, साबण वापरला का?"

मी मनात म्हटलं, आता परत तेच.

"नाय बाई," शमीम म्हणाली. "अम्मीनं ट्रंकेत ठेवला. तिच्या शादीच्या कपड्यांत. वास लई चांगला हाय म्हणं, पाण्यात कशाला घालवायचा. आंघोळीला आमचा साधाच बरा."

ती गेली. बाई सायकलला हात लावून तिच्या पाठीकडं बघत उभ्या होत्या. मला वाटलं त्यांना वाईट वाटलं. मी काहीतरी बोलणार तेवढ्यात त्या माझ्याकडं वळल्या. चेहरा असा की जणू त्यांना एखादं मेडल मिळालं होतं.

"म्हणजे," बाई म्हणाल्या, "साबण जमला व्हता."